शत्रूचा वध आणि पेढे

शत्रूचा सेनापति पडला म्हणजे पेढे वाटावे काय? ता. १८ एप्रिल १९४३ रोजीं जपानी आरमाराचे सेनापति यामामोटो यांचें विमान अमेरिकन वैमानिकांनीं बूगनव्हिल बेटावर पाडलें. गुप्त संदेश उकलून, वेळ साधून केलेला वध तो! पर्ल हार्बरवरील घाला त्यांनींच योजिला होता. तेव्हां युद्धधर्मानें ते वध्य होते, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. मात्र हार्वर्डला शिकलेले हेच गृहस्थ प्रथम अमेरिकेशीं युद्ध नको म्हणून स्वकीयांस बजावीत होते. पेढा येथेंच घशांत अडकतो. मग करावें काय? रामायणांत रावणाचें और्ध्वदेहिक करण्यास बिभीषण, सख्खा भाऊ असूनही, प्रथम नाकबूल झाला. रामचंद्रांनींच त्याची समजूत घालून तें यथाविधि करविलें.