पसंतीक्रम कोणाचा?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा महाविद्यालयांच्या प्रवेशाचा हंगाम सरत आलेला असेल. सीईटीच्या निकालापासून शेवटच्या फेरीपर्यंत घराघरांत पर्सेंटाइल, कटऑफ, राउंड, व्हॅलिडिटी याच गोष्टी बोलल्या जातात. या विषयावर संपादकीय लिहायचे ठरले तेव्हा आपल्याच बैठकीत एकीने विचारले, "हा तर शिकल्या-सवरल्या घरांचा प्रश्न. आपल्याकडे येणाऱ्या बायकांचा त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न योग्य होता. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन हे आपले नेहमीचे विषय आहेत. पण समुपदेशन केंद्रात माझ्यासमोर बसणाऱ्या बायकांमध्ये आता ब्लाउज शिवणारी, अंगणवाडीत काम करणारी, चार घरची धुणीभांडी करणारी अशी बाई असते, जिची मुलगी सीईटी देऊन बसलेली आहे. नवऱ्याची तक्रार सांगून झाली की ती पिशवीतून मुलीचा निकाल काढते आणि विचारते, "ताई, एवढ्यात सरकारी कॉलेज मिळतंय का?"

तिच्या प्रश्नात 'सरकारी' हा शब्द महत्त्वाचा आहे. खासगी महाविद्यालये गावोगाव निघाली आहेत, पण पदवीला बाजारात किंमत यावी आणि फी घराला झेपावी, हे दोन्ही साधणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. पुण्याचे सीओईपी घ्या. १८५४ सालची ही संस्था २०२२ मध्ये राज्याच्या कायद्याने स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची हुशार मुले तिच्याकडे डोळे लावून असतात. संगणक शाखेचा खुल्या वर्गाचा कटऑफ ९९ पर्सेंटाइलच्या वर जातो. २०२५ मध्ये सीईटीच्या पीसीएम गटाला चार लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. म्हणजे एका पर्सेंटाइलच्या अंतरात चार हजारांवर मुले उभी असतात. एखादे गणित चुकले तर शेकडो जण पुढे निघून जातात. एवढ्या चुरशीत जागा मिळवणारी मुलगी काय कष्ट करत असेल, हे सांगायला नको.

मुली अभ्यासात मागे आहेत असेही नाही. २०२५ च्या बारावीच्या परीक्षेत मुलींचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण ९४.५८ टक्के होते, मुलांचे ८९.५१. मग नामवंत सरकारी संस्थांच्या वर्गांत मुली त्या प्रमाणात का दिसत नाहीत? याची कारणे अनेक आहेत. शास्त्र शाखेला कोणाला घालायचे, महागडा क्लास कोणाला लावायचा, हे अकरावीलाच ठरलेले असते. पण एक कारण थेट प्रवेशाच्या आठवड्यातच घडते आणि ते कोणत्याही आकडेवारीत उतरत नाही. त्याबद्दल मला आज लिहायचे आहे.

प्रवेशाचा निर्णय दोन ठिकाणी होतो. एक निर्णय गुणवत्ता यादी करते. तिचे नियम छापील असतात, यादी सर्वांना दिसते, चूक झाली तर हरकत घेता येते. दुसरा निर्णय घरात होतो. त्याला नियम नाहीत, यादी नाही आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागाही नाही. हा दुसरा निर्णय ज्या कागदावर उमटतो, तो म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज.

हा अर्ज कसा भरला जातो ते पाहा. अर्ज ऑनलाइन असतो. घरात संगणक नसतो, म्हणून सायबर कॅफेत जायचे. मुलीबरोबर भाऊ किंवा काका जातो. ओटीपी येणारा मोबाइल त्याचाच, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. महाविद्यालयांची यादी ज्या क्रमाने भरावी, त्या क्रमाने संगणक जागा शोधतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाही तर पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर काय लिहिले, यावर पुढची चार वर्षे ठरतात. मराठवाड्यातली एक मुलगी अशीच आमच्याकडे आली होती. तिच्या गुणांवर पुण्यात सरकारी संस्थेत जागा सहज मिळाली असती. यादी लागली तेव्हा तिच्या नावापुढे तालुक्यापासून वीस किलोमीटरवरच्या खासगी महाविद्यालयाचे नाव होते. भावाने तेच पहिल्या क्रमांकावर टाकले होते. घरच्यांना विचारले तर उत्तर सरळ होते. "बस सकाळी नेते, संध्याकाळी आणून सोडते. पोरीच्या जातीला आणखी काय पाहिजे?" कागदावर मात्र ती तिची पसंती होती. सरकारच्या दफ्तरी नोंद अशी की या मुलीने स्वतःहून हेच महाविद्यालय मागितले आणि तिला तेच मिळाले.

दुसरा प्रकार वर्षाचा. मुलाला थोडे गुण कमी पडले तर "एक वर्ष रिपीट कर" म्हणून त्याला लातूरला किंवा कोट्याला पाठवतात. त्यासाठी जमीन गहाण पडते, आईची बोरमाळ मोडते. मुलीला तेवढेच गुण कमी पडले तर "नशिबात नव्हतं" म्हणून बीएस्सीचा फॉर्म आणून देतात. त्याच सुट्टीत एखादे स्थळ चालून येते. मुलाचा प्रवेश हुकला तर घरात सुतक असते. मुलीचा हुकला तर पाहुणे येतात. गुणांची तूट सारखीच, पण तिची किंमत दोघांकडून वेगवेगळी वसूल होते. एका घरात तर भावाला बहिणीपेक्षा कमी गुण असूनही त्याच्यासाठी व्यवस्थापन कोट्यातली जागा पैसे मोजून घेतली. बहिणीची सरकारी जागा "होस्टेलचा खर्च झेपत नाही" म्हणून सोडली. दोन्ही खर्च मांडून पाहिले तेव्हा होस्टेलचा खर्च कितीतरी कमी निघाला. वडील हिशेबाचे पक्के होते. मुलीवर दोनदा खर्च कसा करायचा, एकदा शिक्षणावर आणि एकदा लग्नावर, हा त्यांचा खरा हिशेब होता.

आई-बापांना खलनायक ठरवून आपले काम भागणार नाही. त्यांच्या भीतीत तथ्य असते. वसतिगृहात जागा मिळेल की नाही हे प्रवेश घेताना ठाऊक नसते. नाही मिळाली तर पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर राहायचे, डब्याचे पैसे वेगळे, अनामत वेगळी. जिने जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलेले नाही त्या आईने मुलीला कोणाच्या भरवशावर पाठवायचे? शिवाय या सगळ्यात दोष शेवटी आईच्याच पदरात पडतो. मुलगी गेली आणि काही झाले तर "हिनेच डोक्यावर चढवलं", नाही गेली तर मुलगी आयुष्यभर म्हणणार, "तू का बोलली नाहीस?" बचत गटातून कर्ज काढून मुलीची अनामत भरणारी आई मी पाहिली आहे. तीच आई नवऱ्यासमोर "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून गप्प बसलेलीही पाहिली आहे.

हा अनुभव आजचा नाही. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. त्यांच्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती बाई म्हणून नाकारली गेली. अखेर हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण विद्यापीठ बायकांना पदवीच देत नसल्याने ती हाती पडायला पुढे तीस वर्षे जावी लागली. त्यांच्या बाबतीत घर पाठीशी होते आणि नियम आडवा आला. आज बहुतेक नियम मोकळे झाले आहेत आणि पुष्कळ मुलींच्या वाटेत घर आडवे येते आहे.

नियम मोकळे झाले ते आपोआप नव्हे. महाराष्ट्रात अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. आयआयटींत २०१६ च्या सुमारास मुलींचे प्रमाण जेमतेम ८ टक्के होते. तिथे २०१८ पासून मुलांची एकही जागा कमी न करता मुलींसाठी वाढीव जागा सुरू झाल्या. त्या वर्षीचे उद्दिष्ट १४ टक्के, २०१९ चे १७ आणि २०२० चे २०. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आणखी एक निर्णय घेतला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी ही सवलत निम्मी होती. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्यात राहण्या-जेवणाचा खर्च येत नाही, आणि घर मुलीला अडवते ते बहुतेक वेळा नेमके त्याच खर्चावर बोट ठेवून. फी माफ झाल्याने जवळचे खासगी महाविद्यालयही फुकट झाले, मग लांब कशाला पाठवायचे, असा नवा युक्तिवादही मी गेल्या हंगामात ऐकला.

कागदपत्रांचा प्रश्न तर एकट्या बाईला रडवणारा. जात पडताळणीला वडिलांकडच्या नात्यातले जुने दाखले लागतात. नवऱ्याने टाकलेली बाई ते आणणार कुठून? एका परित्यक्ता मैत्रिणीला दिराने आजोबांच्या शाळेचा दाखला देण्यासाठी अट घातली, "आधी पोटगीची केस मागे घे." लेकीची जागा की स्वतःचा हक्क, असा पेच तिच्यासमोर टाकला गेला. वडील बेपत्ता किंवा बेपर्वा असतील तर ते हयात असतानाही आई पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगितले. आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात आपोआप वडिलांचीच धरायची नाही, ते मूल कसे वाढले हे पाहायचे, असे २०१२ मध्ये रमेशभाई नाईका खटल्यात म्हटले. तरी खिडकीवरचा माणूस म्हणतो, "वडिलांना घेऊन या." १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे राज्याने सक्तीचे केले. चांगले झाले, पण ती मुले प्रवेशासाठी उभी राहतील तेव्हा २०४२ साल उजाडलेले असेल. आजच्या मुलींचे काय?

ज्या मुली पोचतात त्यांनाही "मुलींच्या कोट्यातून आली" हा टोमणा ऐकावा लागतो. कोणीही तिला हे विचारत नाही की क्लास किती लावले, घरातले पाणी कोण भरत होते, परीक्षेच्या आदल्या रात्री स्वयंपाक कोणी केला. आणि ज्या पोचत नाहीत, त्यांच्यासाठी यादी म्हणजे निकालपत्र ठरू नये. जागा थोड्या आणि मागणारे लाखो असतील, तर पात्र मुलीही बाहेर राहणारच. तुटवड्यातून आलेले अपयश मुलीच्या माथी मारू नका, एवढे तरी प्रत्येक पालक सभेत आपण मोठ्याने सांगितले पाहिजे.

आपल्या गटांनी काय करावे? मोठे कार्यक्रम नकोत, वेळेवर केलेली लहान कामे हवीत. डिसेंबर-जानेवारीतच बारावीच्या मुलींच्या आयांची बैठक घेऊन उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर आणि पडताळणीच्या कागदांची यादी हातात द्यावी. अर्जाला मुलीचा स्वतःचा मोबाइल नंबर लावून द्यावा, पासवर्ड तिच्या वहीत असावा. पसंतीक्रम भरण्याच्या आदल्या दिवशी तो आईला मोठ्याने वाचून दाखवावा आणि पहिल्या क्रमांकाचा अर्थ समजावून सांगावा. फेरीनंतर जागा निश्चित करायला दोन-तीन दिवसच असतात, तेवढ्यापुरती उसनी रक्कम बचत गटाने बाजूला ठेवावी. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या मैत्रिणींनी नव्या मुलीला पहिले पंधरा दिवस आसरा द्यावा. कोणीतरी आहे हे कळले की निम्म्या आयांची भीती ओसरते. प्रवेश हुकलेल्या मुलींच्या घरी, पाहुण्यांच्या आधी, आपण जाऊन यावे.

आणि मागण्याही हव्यात. प्रत्येक सरकारी विद्यापीठाने प्रवेशपत्राबरोबरच वसतिगृहाचा निर्णय कळवावा. फीमाफीला राहण्या-जेवणाच्या भत्त्याची जोड द्यावी. एकट्या आईच्या मुलीसाठी पडताळणीची वेगळी, सुटसुटीत पद्धत असावी. या मागण्यांचे निवेदन आपण हिवाळी अधिवेशनापूर्वी देणार आहोत.

त्यासाठी तुमच्या भागातले अनुभव हवेत. यंदा तुमच्या वस्तीतल्या, गावातल्या किती मुलींनी मिळालेली सरकारी जागा सोडली, आणि का? अर्ज कोणी भरला होता? कोणता कागद अडला? नावे नकोत, हकिकत हवी. एक पोस्टकार्डही पुरेल. पुढच्या अंकाच्या आत कळवा.

संपादक मंडळाच्या वतीने