मालिका संपल्यानंतरचा अर्धा तास

नाशिकहून आग्रा महामार्गाने वीसेक किलोमीटर गेले की ओझर लागते. अष्टविनायकांतील विघ्नहराचे ओझर ते जुन्नर तालुक्यातले. हे निफाड तालुक्यातले, बाणगंगेकाठचे, खंडेरायाच्या यात्रेचे आणि गेली साठ वर्षे ‘मिग’चे ओझर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, येथे विमान कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि कारखान्यापाठोपाठ कामगारांची विस्तीर्ण वसाहत उभी राहिली. त्या वसाहतीत केरळचा फिटर, बंगालचा ड्राफ्ट्समन, तामिळनाडूचा अभियंता आणि निफाडचा शेतकरीपुत्र एकाच जिन्यावर राहू लागले. राष्ट्रीय एकात्मतेची व्याख्याने पुष्कळ होतात. येथे ती पाण्याच्या नळावर आणि शाळेच्या बसथांब्यावर आपोआप घडत होती.

अशा वसाहतीत २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ अवतरले. ज्या घरी दूरचित्रवाणी संच, त्या घरापुढे रविवारी सकाळी चपलांचा ढीग. रस्ते ओस पडत, संचाला हार घातला जाई, हे सारे देशभर घडले आणि त्याविषयी विपुल लिहिलेही गेले. मात्र मालिका संपून संच बंद झाल्यानंतर त्या चपला लगेच पायांत चढत नसत, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. चहाचे कप येत आणि वादाला तोंड फुटे.

हा वाद कशाचा असे? सीताहरणाचाच प्रसंग घ्यावा. मालिकेत लक्ष्मणाने रेषा आखली. पण वाल्मीकींच्या मूळ काव्यात लक्ष्मणरेषा नाही. तेथे रावण सीतेला केसांना धरून, बलपूर्वक उचलून नेतो. कंबाचे रामायण ऐकत वाढलेल्या तमिळ माणसाला हे सहन होत नाही. त्याच्या परंपरेत रावण सीतेला स्पर्श न करता पर्णकुटी भूमीसह उपटून नेतो. कर्कटक मासात घरोघरी अध्यात्म रामायणाचे पारायण होते त्या केरळातला शेजारी म्हणणार, हरण झाले ते मायासीतेचे. खरी सीता अग्नीच्या स्वाधीन सुरक्षित होती. तुलसीदासांचेही तेच मत आणि सागर यांनी अग्निपरीक्षेच्या भागात तेच स्वीकारले. मराठी माणूस एकनाथांचे भावार्थ रामायण पुढे करणार, बंगाली माणूस कृत्तिवासाचे. या साऱ्या ग्रंथांची नावे मालिकेच्या आरंभी पडद्यावर झळकत. पण एका पडद्यावरच्या या नावांचे खरे वारस एका खोलीत बसून बोलू लागणे हे ओझरसारख्या वसाहतीतच शक्य होते. त्यातून ज्या पंचवटीत हे घडले म्हणायचे, ती सीतागुंफेसह अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर! मुले कोपऱ्यात बसून ऐकत. रामकथा एक आहे आणि तिची रूपे अनेक आहेत, हे त्यांना कोणी बौद्धिकात सांगितले नाही. ते त्यांनी थोरांच्या भांडणातून उचलले.

मालिका हे निमित्त होते. संस्कार या अर्ध्या तासात होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही रीत आपल्याकडे दूरचित्रवाणीने आणलेली नाही. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ प्रसारित होत असे, तेव्हाही आठवड्याला एक गीत आणि पुढील गीतापर्यंत त्याचीच चर्चा असा क्रम होता. कीर्तन ऐकून घरी परतणारी माणसे वाटेत कीर्तनकाराचे दोष काढीतच परतत. भक्ती आणि चिकित्सा यांचे वैर नाही, हे आपल्या श्रोत्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आणि हा श्रोता केवळ ऐकणारा नव्हता. १९८८ साली ‘रामायण’ राज्याभिषेकापाशी संपणार असे कळले, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकी समाजाच्या या बांधवांचे म्हणणे साधे होते. लव-कुशांची कथा नाही म्हणजे वाल्मीकींचा आश्रम नाही. ज्या महर्षींनी हे काव्य रचले, त्यांनाच मालिकेतून वगळणार काय? संप पसरला आणि अखेर उत्तरकांडाचे भाग काढावे लागले. सामाजिक समरसतेवर बोलताना हा प्रसंग आवर्जून सांगितला पाहिजे, पण तो क्वचितच सांगितला जातो.

‘महाभारत’ ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झाले. त्याचे संवाद राही मासूम रझा यांचे, कृष्ण आपला मराठी नितीश भारद्वाज. पुढे चंद्रप्रकाश द्विवेदी यांचा ‘चाणक्य’ आला आणि संस्कृतप्रचुर हिंदी ऐकायला लोक तयार आहेत हे त्याने सिद्ध केले. त्याच काळातील श्याम बेनेगल यांचे ‘भारत एक खोज’ मात्र आपल्या अनेक घरांत पाहिलेच गेले नाही, कारण त्याचा आधार पं. नेहरूंचे पुस्तक. ही चूक होती. नेहरूंच्या इतिहासदृष्टीशी मतभेद असणे वेगळे आणि ५३ भागांची ती मालिका न पाहताच बाजूस सारणे वेगळे. तिचा आरंभ ऋग्वेदातील नासदीय सूक्ताने होतो. नसीरुद्दीन शाह यांचे शिवराय आणि ओम पुरी यांचा औरंगजेब पाहून, मग त्या मांडणीतील उणिवा नेमक्या दाखविणारा कार्यकर्ता अधिक प्रभावी ठरला असता.

पुढे खासगी वाहिन्या आल्या. आठवड्याची मालिका रोजची झाली आणि विचार करायला मधले सहा दिवस उरले नाहीत. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेने २००० ते २००८ या काळात अठराशेहून अधिक भाग ओलांडले. कुटुंबात कलह पेरणाऱ्या मालिका म्हणून अशा मालिकांवर आपल्या नियतकालिकांतून सडकून टीका झाली. तुलसीची भूमिका करणाऱ्या स्मृती इराणी पुढे केंद्रीय मंत्री झाल्या, तेव्हा ती टीका कोणी उगाळली नाही. २०२५ मध्ये ती मालिका पुन्हा अवतरली. असो.

२८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीत, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला आरंभ केला. १६ एप्रिलच्या एका दिवसात ७ कोटी ७० लक्ष प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. संख्येचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या दिवसांत कोणाच्याही दारापुढे चपलांचा ढीग नव्हता, तो असणे शक्यच नव्हते. तरीही त्या बंद दारांआड एक गोष्ट घडली. तीन पिढ्या एका संचापुढे बसल्या. बाणांच्या टकरी पाहून नातवंडे हसली, एवढे संथ का म्हणून कंटाळली आणि मग विचारती झाली की, रामाने सीतेची परीक्षा का घेतली? ज्या घरात आजोबांना उत्तर देता आले, तेथे मालिका पुढे चालली. ज्या घरात ‘देवाविषयी असे विचारू नये’ एवढेच ऐकू आले, तेथील नातू आपल्या खोलीत गेला आणि त्याने मोबाईल उघडला.

त्या मोबाईलमध्ये आता सारे काही आहे. एका रात्रीत आठ भाग, कानांत ध्वनियंत्र, सोबत कोणी नाही. तंत्र, छायाचित्रण, अभिनय या सर्वांत नव्या मालिका जुन्यांच्या पुष्कळ पुढे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. आमच्या वेळचे तेच उत्तम हा हट्ट तरुणांना पटणार नाही आणि तो खराही नाही. अडचण आहे ती निराळी. जानेवारी २०२१ मध्ये ‘तांडव’ मालिकेतील देवतांच्या चित्रणावरून संताप उसळला, निर्मात्यांना क्षमा मागून दृश्ये काढावी लागली. निषेध रास्त होता. परंतु निषेधाचे संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी किती जणांनी ती दृश्ये पाहिली होती? आणि त्याच घरांतील मुले त्या वर्षात काय काय पाहत होती, हे किती पालकांना ठाऊक होते? वर्षातून एकदा संतापणे सोपे आहे. रोज सोबत बसणे कठीण आहे.

कुटुंब प्रबोधनाच्या उपक्रमात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन व भजन करावे, असा आग्रह असतो. त्याला जोडून मालिकेचा एखादा भाग आणि नंतरचा अर्धा तास का नसावा? त्यासाठी विषयांची वाण नाही. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका २०१७ ते २०२० या काळात घरोघरी पाहिली गेली. (अमोल कोल्हे कोणत्या पक्षातून लोकसभेत गेले हा भाग वेगळा.) तिच्यातील शंभूराजे आणि १९६२ साली नाशिकच्याच वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात रंगविलेले शंभूराजे यांत मोठे अंतर आहे. वा. सी. बेंद्रे यांनी प्रदीर्घ संशोधनानंतर १९६० साली शंभूचरित्र प्रसिद्ध केले, पुढे डॉ. कमल गोखले यांनी तोच विषय अभ्यासला, तेव्हा कुठे बखरींनी रंगविलेले चित्र पालटू लागले. हे सारे मालिका पाहणाऱ्या मुलाला कोण सांगणार? वाहिनी सांगणार नाही. बेंद्रे यांचा ग्रंथ घेऊन शेजारी बसणारे कोणीतरी हवे.

ओझरच्या निवृत्त तंत्रज्ञांना तर यापुढचा अधिकार आहे. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावरील ‘रॉकेट बॉईज’ २०२२ मध्ये आली. तीत मेहदी रझा नावाचा वैज्ञानिक दाखविला आहे, तो काल्पनिक. मेघनाद साहांच्या जीवनातील धागे त्याला जोडल्याबद्दल मालिकेवर टीका झाली. खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे निवडून सांगायला ज्यांनी आयुष्यभर विमानाचा एकेक सुटा भाग तपासून पुढे पाठविला त्यांच्याहून योग्य कोण? त्यांच्या हातचे मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले. ते स्वतः त्याआधीच निवृत्त झाले आहेत, सायंकाळी त्यांना वेळ असतो आणि नातवंडे दिवाळीत येतात. लक्ष्मणरेषेचा वाद १९८७ पासून तसाच पडून आहे. केरळच्या आणि निफाडच्या शेजाऱ्यांपैकी कोणीही अद्याप माघार घेतलेली नाही.