विसाव्या पायरीवर नुसता आकडा नको

बारा वर्षांच्या नोकरीनंतर मला वरिष्ठ वेतनश्रेणी मिळाली. पगार वाढला, वर्गातलं काम होतं तेच राहिलं. तक्रार नाही, नोकरीचे नियम असेच असतात. पण जो खेळ माणूस हौसेनं खेळतो, त्यानंही इनाम म्हणून नुसती वेतनवाढच द्यावी?

मी बोलतोय 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'बद्दल. भाचा आणि त्याचे मित्र रविवारी आमच्याकडे कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसतात, मीही बसतो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगार. पात्र पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत चढतं. तिथं पोहोचायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

एवढं चढून वर काय मिळतं? 2014 च्या नियमांत जादूगाराला सतराव्या लेव्हलपासून 'विश' हा मंत्र घेता येतो. इच्छा बोलून दाखवली की जगाचे नियमही वाकू शकतात. लढवय्याला विसाव्या लेव्हलला काय मिळतं? तीन वारांऐवजी चार वार. रेंजरला ठरावीक शत्रूवर, पाळीतून एकदा, फाशात थोडी भर. 2024 मध्ये नियम सुधारले, तेव्हा त्याच रेंजरला विसाव्या लेव्हलचं बक्षीस मिळालं ते असं: शिकारीच्या मंत्राला सहा बाजूंच्या फाशाऐवजी दहा बाजूंचा फासा!

मी भाषेचा शिक्षक. मला हे असं दिसतं, की जादूगाराला नवं क्रियापद मिळालं आणि लढवय्याला संख्याविशेषण. तो पहिल्या दिवशी 'मारतो' म्हणत होता, दोन वर्षांनंतरही 'मारतो'च म्हणतो. शिवाय वरच्या लेव्हलचे राक्षसही तेवढेच दणकट असतात, म्हणजे वाढलेला आकडा तिथंच जिरतो. हुशार मुलाला शाबासकी म्हणून त्याच प्रकारची आणखी दहा गणितं देण्यासारखं झालं हे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "तलवारवाला शेवटी साधा माणूस, तो वास्तवाला धरूनच असणार." ज्या जगात ड्रॅगन उडतात, तिथं वास्तवाची अट एकट्या लढवय्यालाच का? लखनौच्या नवल किशोर प्रेसनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेली उर्दू दास्तान 'तिलिस्म-ए-होशरुबा' घ्या. तिच्यात जादूगारांच्या फौजा आहेत. त्यांना जेरीस कोण आणतं? अमर अय्यार आणि त्याचे शागिर्द. वेषांतर, बेशुद्धीची औषधं, हजरजबाबीपणा ही त्यांची हत्यारं. अमरजवळ सारं काही सामावून घेणारी झंबील आहे, हे खरं. पण ती नुसती असून भागत नाही, वापरायला डोकं अय्याराचंच लागतं. हुनर जादूपुढे मान टाकत नाही, हे दास्तानगोंना ठाऊक होतं.

खुद्द या खेळालाही ते एकेकाळी ठाऊक होतं. 1978 च्या नियमपुस्तकात नवव्या लेव्हलचा लढवय्या गढी बांधू शके. त्याच्याकडे सैनिक चालून येत, रयतेकडून दरमहा महसूल मिळे. म्हणजे नवे प्रश्न आले. शेजारचा सरदार काय म्हणेल? दुष्काळात महसूल माफ करायचा का? 2019 च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत तर कसरतीत पारंगत झालेला माणूस कितीही उंचावरून पडला तरी पायांवर उतरतो. वाटाघाटीत तेवढाच मुरलेला माणूस ऐन लढाईत शत्रूला बोलायला थांबवू शकतो. यात मंत्र कुठेच नाही. तरीही ही नवी क्रियापदं आहेत.

दुसरा बचाव असा, की एवढ्या वर खेळ सहसा पोहोचतच नाही. मग खरं बक्षीस विसाव्या लेव्हलवर कशाला ठेवता? ते दहाव्या-बाराव्याला द्या, म्हणजे वापरायला वेळ तरी मिळेल. निवृत्तीच्या दिवशी कपाटाची किल्ली हातात देऊन काय उपयोग?

मग सगळ्यांनाच 'विश' द्यायचा का? अजिबात नाही. एका वाक्यात गोष्ट संपवणारी शक्ती बाकीच्या चौघांना मुकं करते. चांगल्या शक्तीची माझी कसोटी साधी आहे. ती मिळाल्यावर खेळाडूनं "आता मी हेही करून बघू का?" असं विचारलं पाहिजे, आणि गोष्ट चालवणाऱ्याला क्षणभर विचार करावा लागला पाहिजे.

आमच्या टेबलावर आम्ही आमच्यापुरता एक नियम केला. अकराव्या लेव्हलचा लढवय्या कुठल्याही फौजेकडे पाहून सांगू शकतो, की यातला कोण मनातून खचलाय. गेल्या रविवारी भाच्यानं त्या खचलेल्या शिपायाला शोधलं, तलवार म्यान केली आणि त्याच्याशी बोलायला बसला. चार वार करण्याची मुभा त्याला असती, तर तो शिपाई पहिल्याच पाळीत मेला असता आणि त्याचं नावही आम्हाला कळलं नसतं.