वेग वाढतो, वेळ किती वाचतो?

विद्यार्थिमित्रांनो, मुंबईहून नागपूर किती लांब आहे? नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजले, तर हे अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. लोहमार्गाने ते ८३७ किलोमीटर होते. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. पण प्रवासी किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. आणि हा हिशेब करताना आपण बहुतेक जण चुकतो, असे माझे मत आहे.

आधी विमान घेऊ. प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने उडते. मुंबई-नागपूर उड्डाणाला साधारण दीड तास लागतो. पण घरापासून विमानतळापर्यंत एक तास, तेथे दोन तास आधी हजेरी आणि उतरल्यावर सामान घेऊन नागपुरातल्या घरी पोहोचायला आणखी एक तास धरा. एकूण साडेपाच तास झाले. आता भागाकार करा. सरासरी वेग आला ताशी जेमतेम सव्वाशे किलोमीटर! विमानाचा वेग दुप्पट केला, तरी वाचणार फक्त पाऊण तास.

आता रस्त्याकडे वळू. हिशेबाला सोपे म्हणून अंतर ७०० किलोमीटर धरू. ताशी ५० किलोमीटर वेगाने १४ तास लागतात, ७० वेगाने १०. म्हणजे वेग २० ने वाढवला आणि चार तास वाचले. आता १२० वरून १४० वर जा. वाढ तेवढीच, २० ची. पण वेळ ५ तास ५० मिनिटांवरून ५ तासांवर येतो. वाचली केवळ ५० मिनिटे!

आणि त्याची किंमत? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० वेगाच्या गाडीपेक्षा १४० वेगाच्या गाडीत जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतरही तितकेच वाढते. टक्कर झालीच, तर ही सारी ऊर्जा गाडीवर आणि आतल्या माणसांवर येते. या महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मर्यादा घातली आहे, ती उगाच नव्हे. आपल्या देशात २०२३ साली रस्ते अपघातांत १ लाख ७० हजारांहून अधिक माणसे दगावली.

मग वेळ वाचतो कुठे? जिथे गाडी रेंगाळते तिथे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तेथील जवळजवळ आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांमुळे कसारा घाटातली रखडपट्टी टळते. हा लाभ भरधाव गाडी हाकून मिळालेला नाही. वाट सुगम झाल्याने मिळाला आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. काळ-काम-वेगाच्या उदाहरणात ‘किती वेळ लागेल?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘वेग वाढवून किती वेळ वाचला, आणि थांबायला किती जास्त अंतर लागेल?’ हेही विचारा. आणि मित्रांनो, पुढच्या प्रवासात घरचे कोणी घाईने गाडी दामटू लागले, तर मागच्या सीटवरून हे गणित त्यांना अवश्य करून दाखवा.