हनुवटीची भाषा

पावसाळा सरला की मुंबई-पुण्याच्या ऑफिसांना ‘टीम बिल्डिंग’ची हुक्की येते आणि बसेस भरभरून मंडळी कर्जत-खालापूरच्या रिसॉर्टवर येऊन थडकतात. (मी नेरळची. त्यामुळे मला ऑफिस चक्क माझ्याच घराजवळ ‘आउटिंग’ला आणतं!) सकाळी पोहे, मग एसी हॉलमध्ये ट्रेनर आणि त्याची ठरलेली स्लाइड: संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि बॉडी लँग्वेजचा 55. सगळे वहीत लिहून घेतात.

आता हे खरं असतं, तर पलीकडच्या डेस्कवरचा मल्याळी सहकारी फोनवर घरच्यांशी काय बोलतो, ते आपल्याला जवळपास सगळं कळलं असतं की नाही? हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या प्रयोगांतले. त्यात लोकांना सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि विचारलं होतं, बोलणाऱ्याची भावना काय वाटते? शब्द एक सांगतोय आणि चेहरा भलतंच, तर लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतात, एवढंच त्यातून निघालं. सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं खुद्द मेहराबियननीच बजावलंय. पण स्लाइड काही बदलत नाही.

खरा क्लास हवा असेल तर संध्याकाळी कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात चढा. उभी असलेली बाई बसलेलीकडे बघून हनुवटी जरा वर उचलते. म्हणजे, ‘कुठे?’ बसलेली नुसते ओठ हलवते, ‘ठाणा’. झालं, सीट बुक! नंतर दुसरीने विचारलं तर बसलेली डोळ्यांनीच पहिलीकडे दाखवते आणि दुसरी मुकाट पुढच्या बाकाकडे वळते. चौथ्या सीटसाठी पंजा हवेत किंचित बाजूला ढकलायचा, की तिघी चार बोटं सरकतात. पर्स खांद्याला लागली म्हणजे स्टेशन आलं. आणि डोळे मिटलेले असतील तर ती झोपलीच आहे असं नाही, आज तिला कुणाशी बोलायचं नाहीये. हे न सांगता कळतं, म्हणून तर दोन-दोन तासांचा प्रवास निभतो.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने 1966 मध्ये माणसांमधल्या अंतरावर पुस्तक लिहिलं. त्याच्या हिशेबाने साधारण दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळची माणसं येतात. कल्याणपर्यंत आमच्यात दीड इंचही नसतो बॉस! मग अंगाचं अंतर नजरेने भरून काढायचं. पंख्याकडे बघा, मोबाइलमध्ये बघा, फक्त शेजारणीच्या चेहऱ्याकडे बघू नका. इथे न बघणं हाच मान देणं असतं.

आणि मान देण्यावरून आठवलं. घाट चढण्याआधी मागून जोर द्यायला बँकर इंजिन लागतं, म्हणून पुण्याकडच्या गाड्या कर्जतला थांबतात. गाडी सुटली की दिवाडकरांचे वडेवाले फलाटावर रांगेत उभे राहून तिच्यापुढे मान लववतात. ज्या गाडीवर पोट चालतं तिला नमस्कार. हे बघून कुणी म्हणत नाही की यांच्यात कॉन्फिडन्स कमी आहे.

इंटरव्ह्यूत मात्र म्हणतात. मध्यंतरी आमच्याकडे खालापूरच्या एका गावातला डिप्लोमावाला मुलगा आला होता. उत्तरं बरोबर, पण नजर टेबलावर. तो बाहेर गेल्या गेल्या पॅनेलमधल्या एकाने फॉर्मवर लिहिलं, ‘आय कॉन्टॅक्ट नाही, लो कॉन्फिडन्स’. अहो, ज्या घरात मोठ्यांपुढे ‘वर तोंड करून बोलतोस?’ ही शिवीच असते, त्या घरातून आलाय तो. वीस वर्षं नजर खाली ठेवायला शिकवलं आणि आता अर्ध्या तासात ती वर उचल म्हणायचं? मी अडून बसले. त्याला परत बोलावलं, समोर ड्रॉइंग ठेवलं आणि ‘समजावून सांग’ म्हटलं. नजर खालीच राहिली, पण बोट कागदावर फिरायला लागल्यावर आवाज आपोआप मोकळा झाला. त्याला घ्यायचं की नाही यावर पुढे बराच वाद झाला, पण तो ड्रॉइंगवर झाला, डोळ्यांवर नाही.

ट्रेनरलोकांनी आणखी एक धडा रेल्वेकडून उचलायला हरकत नाही. लोकलचा गार्ड (2022 पासून त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात) दोन बेल देतो तेव्हा मोटरमन गाडी हलवतो. आणि जिथे सिग्नल दिसायला हवा तिथे तो दिसलाच नाही, दिवा विझलेला असला, तर तो हिरवा असेल असं धरून पुढे जायचं नसतं. तो लाल समजायचा, असा नियमच आहे.

ऑफिसात नेमकं उलटं. परवा शुक्रवारी मीटिंग लांबली. शेवटी साहेबांनी विचारलं, “उद्या सकाळी नऊला सगळ्यांना जमेल ना?” कुणीच बोललं नाही. बदलापूरची एक, कर्जतची एक आणि मी, तिघींनी पर्स खांद्याला लावल्या होत्या. एकीने घड्याळाकडे बघून दाराकडे बघितलं.

“गुड,” साहेब म्हणाले, “मग ठरलं.”