पैनगंगेच्या काठाला इशारा : मुदत ३० डिसेंबर २०२६

हा इशारा उमरखेड, महागाव आणि पुसद तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना आहे, यवतमाळच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला आहे आणि इसापूर धरण सांभाळणाऱ्या जलसंपदा विभागाला आहे. दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिला असेल असे समजून कुणीही पान उलटू नये.

११ जुलै २०२१ रोजी या पट्ट्याला ४.४ तीव्रतेचा धक्का बसला. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा आणि मागोमाग ३.६ चा बसला. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. २०२४ च्या धक्क्यांचे केंद्र हिंगोलीच्या कळमनुरी तालुक्यात, म्हणजे नदीच्या पलीकडे. लोक घराबाहेर धावले, संध्याकाळी परत आत गेले आणि विषय तिथेच संपला. तो संपू देणार नाही, म्हणून हे लिहीत आहे.

किल्लारीलाही असेच झाले होते. १९९२ च्या ऑक्टोबरात तिथे धक्के सुरू झाले, त्यातला एक ४.५ चाच होता. मग जमीन शांत झाली, माणसेही शांत झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या आत, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, ६.२ तीव्रतेचा भूकंप आला. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या दिवशीच्या सरकारी नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. ‘आपला जिल्हा सुरक्षित क्षेत्रात मोडतो’ असे यवतमाळात बसून म्हणणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावे. कळमनुरीचे किल्लारी होईल, असे मी म्हणत नाही. भूकंपाची तारीख जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. नेमक्या त्याच कारणाने तयारी पुढे ढकलता येत नाही.

किल्लारीत माणसे भिंतींनी मारली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. आपल्याकडे माळवदे कमी, पण वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून टिनावर ठेवलेले दगड गावोगाव दिसतात. २०२४ च्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने हेच दगड काढून टाकायला सांगितले होते. किती घरांवरून ते उतरले? पाळण्यावर, खाटेवर, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोक्यावर आपण आपल्या हाताने दगड टांगून ठेवले आहेत. ते उतरवा. पत्रे हुक आणि नटबोल्टने आवळून घ्या. नवीन बांधकाम असेल, तर दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना एकसलग बांधणारी सळई-काँक्रीटची पट्टी घातल्याशिवाय मिस्त्रीला पुढचा थर रचू देऊ नका. शाळा आणि अंगणवाडीच्या भिंती ग्रामपंचायतीने अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात आणि अहवाल ग्रामसभेत वाचावा. ज्या खोलीला तडा गेला आहे, त्या खोलीत उद्यापासून एकही मूल बसता कामा नये.

जमिनीतून आवाज आला की ज्वालामुखीची अफवा उठते. ती पसरवू नका. झरी जामणीतल्या शिबला-पार्डीला सापडलेले बेसाल्टचे खांब सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत, आजच्या ज्वालामुखीचे नव्हेत. भारतातला जिवंत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे.

खरी काळजी इसापूरची आहे. पैनगंगेवरचे हे धरण पुसद आणि कळमनुरीच्या सीमेवर उभे आहे, म्हणजे धक्क्यांच्या पट्ट्यातच. धरण कमकुवत आहे, असा आरोप मी करत नाही. पण ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या राज्याने सोसला, त्याला धरण आणि भूकंप हे दोन शब्द एकत्र ऐकून झोप लागता कामा नये. ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेला धरण सुरक्षा कायदा ३० मीटर व त्याहून उंच धरणांवर भूकंपमापन केंद्र बंधनकारक करतो. इसापूर त्याहून कितीतरी उंच आहे. धरण फुटले तर पाणी कुठवर जाईल, लोकांना कोण आणि कसे कळवेल, ते कुठे जातील, हे सांगणारा आपत्कालीन कृती आराखडा जुन्या धरणांसाठी पाच वर्षांत करायचा आहे. ती मुदत ३० डिसेंबर २०२६ रोजी संपते.

विभागाने आराखडा केला असेल, तर तो मराठीत छापून नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. मापन केंद्राच्या नोंदी खुल्या कराव्यात. भोंगा वाजवून एकदा रंगीत तालीम घ्यावी, आणि ती रात्री घ्यावी. केला नसेल, तर तसे लेखी सांगावे.

मुदत उलटली आणि यातले काही झाले नाही, तर नदीकाठच्या गावांनी माहिती अधिकाराचे अर्ज, ग्रामसभांचे ठराव आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका, हे तिन्ही एकाच महिन्यात दाखल करावे. या कायद्याखाली दिलेले निर्देश पाळायला नकार देणाऱ्याला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तिचा वापर करण्याची मागणी याचिकेत पहिल्या क्रमांकावर असेल.