पेग मोजता, मग ग्रॅमही मोजा!

आयर्लंडमधला पब म्हणजे वस्तीतली बैठकच. तिथे गप्पा, गरम जेवण आणि हातात पेला असतो. आपल्याकडे ही जागा परमिट रूमने घेतली आहे. पेला आला की चकली, मसाला शेंगदाणे, तळलेली सुरमई असा चखणाही येतो. ‘पोटात काही असलं की दारू चढत नाही,’ हा समज तिथलाच.

हा समज अर्धाच खरा आहे. पोट भरलेले असेल तर अल्कोहोल रक्तात सावकाश उतरते, पण उतरते सगळेच. उलट खारट चखण्याने तहान वाढते आणि पुढचा पेला लवकर मागवला जातो. कॉकटेलमध्ये साखर अल्कोहोलची चव झाकते, त्यामुळे किती घेतली याचा अंदाजच राहत नाही.

हिशेब साधा आहे. व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग! ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकालात काढते. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

अलोरे, पोफळी मागे टाकली की कुंभार्ली घाटाची वळणे सुरू होतात. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. रिकाम्या पोटी घेतलेला एक ‘लार्ज’ही ती ओलांडायला पुरेसा ठरू शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर तर दारूनंतर काही तासांनीही धोकादायकरीत्या उतरू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक ठरवले. पबच्या देशाने, आयर्लंडने, २०२३ मध्ये बाटलीवर कर्करोग आणि यकृतविकाराचा इशारा व अल्कोहोलचे ग्रॅम छापण्याचा नियम केला. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी दिशा योग्य आहे. आपल्या बाटलीवर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ असे मोघम लिहिलेले असते. मेनूकार्डावर दराशेजारी ग्रॅमही छापायला काय हरकत आहे?

बैठक मोडायची गरज नाही. सोलकढीच्या पेल्यावरही ती रंगते. आणि ज्याच्या हातात गाडीची किल्ली आहे, त्याचा पेला सोलकढीचाच असावा.